लांडगा कोकराकडे राहायला येणार, मग सिंह जेवणार काय?

शेवंती

मुलगी सात वर्षांची आहे. बायबलमधल्या गोष्टींचं एक चित्रांचं पुस्तक तिला कुणीतरी दिलंय, त्यात शेवटच्या पानावर सिंह आणि कोकरू गळ्यात गळा घालून बसलेत. परवा झोपताना विचारते, आई हा सिंह जेवणार काय? मी म्हटलं भुसा खाणार, तसं लिहिलंच आहे. तर म्हणे त्याचे दात तसे नाहीयेत. झालं, मी गप्प.

मग रात्री बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ११वा अध्याय काढून नीट वाचला. लहानपणापासून ऐकलेला, पण खरं सांगायचं तर कधी थांबून वाचलाच नव्हता. लांडगा कोकराजवळ राहील, बिबट्या करडाशेजारी बसेल, वासरू आणि तरुण सिंह एकत्र, त्यांना एक लहान मूल वळेल, गाय आणि अस्वल चरतील, सिंह बैलासारखा भुसा खाईल, तान्हं बाळ नागाच्या बिळापाशी खेळेल. पहिला धक्का म्हणजे सिंह आणि कोकरू ही जोडी इथे नाहीच! कोकराबरोबर लांडगा आहे. ६५व्या अध्यायात पुन्हा तेच येतं, तिथेही लांडगा आणि कोकरू. म्हणजे चित्रकारांनी आणि आपण सगळ्यांनी मिळून सिंहाला ढकललंय तिथे.

दुसरा धक्का मोठा होता. त्याच पुस्तकात ३५व्या अध्यायात म्हटलंय की त्या मार्गावर सिंह नसेलच, कुठलाही हिंस्र पशू तिथे चढणार नाही. यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात ३४:२५ मध्येही देव शांतीचा करार करतो आणि हिंस्र पशू देशातून काढून टाकतो, इतके की लोक खुशाल रानात झोपतील. लेवीय २६:६ पण तसंच. मग नक्की काय, जनावरं बदलणार, की जनावरं जाणार, की हे सगळं माणसांबद्दलच आहे आणि जनावरं नुसती उपमेला? ज्यांनी यावर वाचलंय त्यांनी लिहा प्लीज. श्रद्धा असलेले नसलेले सगळे चालतील, फक्त भांडू नका.

डॉक्टर_बोका

जनावरांचा डॉक्टर म्हणून सांगतो, मुलगी शंभर टक्के बरोबर आहे. मांजराच्या कुळातल्या प्राण्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य पुरेसं स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही, ते मांसातूनच यावं लागतं, नाही मिळालं तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय पसरून निकामी होतं. व्हिटॅमिन ए सुद्धा गाजरातून बनवता येत नाही, तयार लागतं. आतडं आखूड. दाढा कात्रीसारख्या, चघळायला जबडा आडवा फिरतच नाही. बैलाचं पोट म्हणजे चार कप्प्यांची भट्टी असते, त्यात कोट्यवधी जंतू भुशातलं सेल्युलोज फोडतात, तरी त्याला अर्धा दिवस रवंथ करावं लागतं. सिंहाला भुसा खायचा तर त्याचा दात, जबडा, पोट, यकृत सगळंच बदलावं लागेल, म्हणजे जे उरेल ते आयाळ लावलेला बैल असेल :)

पण गंमत अशी की अस्वलाचा प्रश्न सुटलेलाच आहे! त्या भागात असायचं ते सीरियन तपकिरी अस्वल. तपकिरी अस्वल वर्षातला बराच काळ गवत, मुळं, फळं, बिया यांवरच काढतं. गाय आणि अस्वल शेजारी चरताहेत हे वाक्य चमत्काराशिवाय पण चालून जाईल, गायीची हरकत नसेल तर.

शेपूट_वळवळ

धर्मग्रंथात बायोलॉजी शोधायची आणि मग सापडली नाही म्हणून हसायचं, हा जुना खेळ आहे. कविता आहे ती. कविता म्हणून वाचा.

डॉक्टर_बोका

हसलो नाही हो. अस्वलाची बाजू घेतली उलट.

जुनाट

कविता आहे हे मान्य, पण ज्यांच्यासाठी लिहिली त्यांच्या दारात खरे सिंह होते हे विसरून चालणार नाही. आपल्याला इस्राएल म्हटलं की वाळवंट आणि मेंढरं एवढंच दिसतं. तिथे यार्देन नदीच्या काठच्या झाडीत सिंह होते, ते थेट मध्ययुगापर्यंत टिकले, क्रुसेडच्या सुमारास संपले. अस्वल तर हर्मोन पर्वताच्या बाजूला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत होतं. म्हणून मेंढपाळ दावीद शौल राजाला सांगतो की मी सिंह आणि अस्वल दोन्ही मारलेत, ती फुशारकी नाही, मेंढपाळाचा बायोडेटा आहे.

आमोस ३:१२ बघा. मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा सोडवून आणतो. कान घेऊन काय करणार? उत्तर निर्गम २२:१३ मध्ये आहे. दुसऱ्याचं जनावर राखायला घेतलं आणि ते वन्य पशूने फाडलं, तर फाडलेलं पुराव्याला आणून दाखवायचं, मग भरपाई द्यावी लागत नाही. म्हणजे तो कान हा तेव्हाचा पंचनामा आहे. याकोब तर सासऱ्याला ऐकवतो की फाडलेलं मी तुझ्याकडे आणलंच नाही, नुकसान स्वतः सोसलं, उत्पत्ती ३१:३९. ज्या समाजात असला हिशोब रोजचा आहे तिथे लांडगा कोकराजवळ राहील हे वाक्य ऐकून लोकांना काय वाटलं असेल ते बघा.

आणि शेवंतीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही इथेच आहे. निर्गम २३:२९ मध्ये देव म्हणतो मी शत्रूंना एका वर्षात हाकलणार नाही, नाहीतर देश ओसाड पडेल आणि वनपशू तुमच्यावर वाढतील. माणसं कमी झाली की जनावरं पुढे सरकतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी साम्राज्याने इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली, लोक उचलून नेले, बाहेरचे आणून वसवले, आणि २ राजे १७ सांगतं की त्या नव्या लोकांना सिंहांनी मारलं. ग्रंथकार त्याला देवाचा कोप म्हणतो, पण ओसाड पडलेल्या मुलखात सिंह वाढणारच. यहेज्केल बाबेलच्या बंदिवासात बसून लिहितोय, मागे देश रिकामा झालाय. त्याच्या १४व्या अध्यायात देवाच्या चार भयंकर शिक्षा आहेत, तलवार, दुष्काळ, हिंस्र पशू आणि मरी. अशा माणसाच्या तोंडी पशू काढून टाकीन हेच येणार. त्याला सिंहाशी मैत्री नकोय, झोप हवीय.

शेवंती

तो कान वाचून अंगावर काटा आला. थँक्यू जुनाट. मी आमोस वाचताना ते नुसतं भीषण चित्र म्हणून सोडून दिलं होतं.

अक्षरशत्रू

मी माणसांच्या बाजूने. माझं म्हणणं एवढंच की ११:६ पासून वाचायला सुरुवात करू नका. वरची पाच वचनं बघा, १ ते ५. इशायाच्या बुंध्यातून अंकुर फुटेल, म्हणजे दावीदाच्या बापाचं घराणं, झाड तोडलंय आणि बुंधा उरलाय. तो राजा डोळ्यांना दिसेल त्यावर न्याय करणार नाही, गरिबांचा निवाडा नीतीने करील. आणि लगेच पुढच्या वाक्यात लांडगा. मध्ये काही नाही. आता संदेष्ट्यांच्या बोलण्यात लांडगा कोण असतो? सफन्या ३:३, नगरीचे सरदार गर्जणारे सिंह आणि न्यायाधीश संध्याकाळचे लांडगे. यहेज्केल २२:२७, सरदार शिकार फाडणाऱ्या लांडग्यांसारखे. यिर्मया ५:६ मध्ये तर सिंह, लांडगा आणि बिबट्या हे तिघं एकाच वाक्यात आहेत, हीच टोळी, नगरांवर टपून बसलेली. आणि खुद्द यशया ५:२९ मध्ये चाल करून येणारं सैन्य सिंहासारखं गर्जतं. ऐकणाऱ्याच्या कानात हे सगळं आधीच होतं.

हे माझं डोकं नाही. बाराव्या शतकात मैमोनिडीज या यहुदी पंडिताने आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात स्वच्छ लिहिलंय की मसीहाच्या, म्हणजे त्या येणाऱ्या राजाच्या, काळात सृष्टीचा नियम मोडेल असं समजू नका, जग जसं चालतं तसंच चालेल, लांडगा आणि बिबट्या म्हणजे दुष्ट राष्ट्रं, आणि आधार म्हणून त्याने यिर्मया ५:६ च दिलाय. भुशाचा अर्थही लावलाय, की ते लुटालूट सोडून जे हक्काचं आहे ते शांतपणे खातील. तो स्वतः वैद्य होता, त्यामुळे डॉक्टर_बोका आणि त्याचं जमलं असतं.

पांथस्थ७

अक्षरशत्रू, छान, पण ही एकच बाजू झाली. हा वाद मैमोनिडीजच्या कितीतरी आधी होऊन गेलाय. लेवीयवरचं जुनं यहुदी भाष्य आहे, सिफ्रा, त्यात २६:६ वर दोन रब्बी भांडतात, दुसऱ्या शतकातले. रब्बी यहूदा म्हणतात देव हिंस्र जनावरं जगातून काढूनच टाकील. रब्बी शिमोन म्हणतात नाही, ती राहतील पण इजा करणार नाहीत. आणि त्यांचा मुद्दा मला फार आवडतो, की देवाची थोरवी कशात, इजा करणारं कुणी नसण्यात, की इजा करणारे असूनही ते इजा करत नाहीत यात? शेवंतीताई, तुम्ही रात्री जागून विचारलेला प्रश्न तंतोतंत हाच आहे.

तेराव्या शतकात नाखमानिडीज या यहुदी भाष्यकाराने शिमोनची बाजू उचलली. त्याचं म्हणणं, उत्पत्ती १:२९-३० मध्ये माणसाला धान्य आणि फळं, आणि सगळ्या पशूंना हिरवी वनस्पती दिलीय. कुणी कुणाला खायचं ठरलेलंच नव्हतं. पुढे जे होणार ते नवीन नाही, मूळ ठरल्याप्रमाणे परत जाणं आहे. जलप्रलयानंतर उत्पत्ती ९ मध्ये माणसाला मांस खायची परवानगी मिळते, आणि त्याच दमात सांगितलंय की तुमचं भय आणि तुमचा धाक सगळ्या पशुपक्ष्यांना बसेल. म्हणजे भीती एकतर्फी नाहीये. आपण म्हणतो जनावरं आपल्याला घाबरवतात, ग्रंथ म्हणतो आधी त्यांना आपला धाक बसला.

ख्रिस्ती बाजूला इरेनियस नावाचा बिशप, तोही दुसऱ्या शतकातला. त्याला माहीत होतं की काही जण याचा अर्थ रानटी माणसं विश्वासात येऊन एकत्र राहतील असा लावतात, ते ठीक आहे म्हणाला, पण जनावरांच्या बाबतीतही खरंच होणार. आणि पुढे त्याने जे लिहिलंय ते वाचून मी मोठ्याने हसलो होतो. सिंहाला पुरेल असा भुसा असेल, तर विचार करा गहू कसा असेल!

डॉक्टर_बोका

इरेनियसला माझा नमस्कार. हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

रिकामा_घडा

मला यात फार नवल वाटत नाही. सगळ्याच जुन्या लोकांना असं स्वप्न पडलंय. सुमेरियन काव्यात दिलमुन नावाचा देश आहे, तिथे सिंह मारत नाही, लांडगा कोकरू पळवत नाही. रोमन कवी व्हर्जिलने इ.स.पू. ४० च्या आसपास लिहिलंय, एक बाळ जन्मेल, गुरं सिंहांना भिणार नाहीत. मध्ययुगातल्या ख्रिस्ती लोकांना तर वाटायचं व्हर्जिलने येशूचंच भाकीत केलं. मग यशयाचं वेगळं काय उरलं?

जुनाट

साप बघा ना राव. व्हर्जिलच्या कवितेत साप मरतो. यशयात बाळ त्याच्या बिळाशी खेळतं, दूध सुटलेलं पोर त्याच्या वारुळात हात घालतं, साप जिवंत आहे. आणि दिलमुन हे होऊन गेलेलं आहे, हे व्हायचंय. मागचं स्वप्न आणि पुढचं स्वप्न यात फरक असतो, मागच्यासाठी कुणी काही करावं लागत नाही.

आणखी एक. यशयाच्या काळात जगातली बलाढ्य सत्ता अश्शूर. तिथे राजाचं मोठेपण सिंह मारण्यात. त्यांच्या राजमुद्रेवर राजा सिंहाला भोसकतोय. निनवेच्या राजवाड्यातली अशुरबनिपालची शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, ती यशयानंतर साधारण शंभर वर्षांची, त्यात पिंजऱ्यातून सिंह सोडतात आणि राजा बाण मारतो. एक सिंहीण कंबरेखाली लुळी पडून पुढचे पाय ओढतेय, ते बघवत नाही. त्या जगात बसून हा माणूस म्हणतो की राजा येईल तेव्हा सिंहाला एक पोरगं वळेल. माझ्या मते हे प्राण्यांबद्दल जितकं आहे तितकंच राजांबद्दल आहे.

शेपूट_वळवळ

६५:२५ मध्ये मात्र सापाला सूट नाही हे कुणी लिहिलं नाही अजून. तिथे लांडगा-कोकरू आहे, सिंह भुसा खातो, आणि सापाचं अन्न धूळ. उत्पत्ती ३ मधला शाप तसाच. विद्वान लोक तो भाग बंदिवासानंतरचा मानतात. म्हणजे नंतर लिहिणाऱ्याने ११व्यातलं घेतलं पण बाळ आणि बीळ गाळलं. कदाचित त्याला स्वतःचं मूल असेल.

शेवंती

@शेपूट_वळवळ, तुम्ही भांडायला आलात असं वाटलं होतं, सॉरी. शेवटचं वाक्य भारी आहे.

मोगरा_आणि_माती

चित्रांवरून आठवलं म्हणून थोडं अवांतर. एडवर्ड हिक्स नावाचा अमेरिकन क्वेकर (युद्ध न मानणारा एक ख्रिस्ती पंथ) होता, १७८० ते १८४९, पेनसिल्व्हेनियातला, पोटासाठी पाट्या आणि बग्ग्या रंगवायचा. त्याने हाच प्रसंग आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवला, साठेक चित्रं तरी आज माहीत आहेत. बऱ्याच चित्रांत मागे कोपऱ्यात पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन तिथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांशी तह करतोय, म्हणजे हिक्सच्या मते भविष्यवाणीचा थोडा तुकडा त्याच्या गावाजवळ घडून गेला होता. पण १८२७ मध्ये क्वेकर लोकांतच फूट पडली, तो स्वतः त्या भांडणात होता, आणि त्यानंतरच्या चित्रांत जनावरं ताणलेली दिसायला लागतात. शेवटी शेवटी सिंह तर थकलेला, डोळे खोल गेलेला, बसलाय पण महत्प्रयासाने. मी खूप वेळ बघत बसले होते ती. अशी शांती की जी सिंहाला अवघड जातेय.

संयुक्त राष्ट्रांच्या बागेत तलवारीचा नांगर करणाऱ्या माणसाचा पुतळा आहे, १९५९ ची सोव्हिएत भेट, ते यशया २:४. तो उतारा सगळ्यांना चालतो. लांडग्याचा पुतळा कुणी दिला नाही.

गव्हाची_लोंबी

चार दिवस नुसती वाचत होते, आता लिहिते. हिब्रू थोडं शिकलेय, फार नाही.

एक तर जोड्या नीट बघा. लांडगा-कोकरू, बिबट्या-करडू, सिंह-वासरू, अस्वल-गाय. हरीण कुठाय? ससा? रानडुक्कर? प्रत्येक जोडीत एक रानातलं आणि एक गोठ्यातलं. म्हणजे हे सगळ्या निसर्गाने शाकाहारी होण्याबद्दल आहे असं मला तरी वाटत नाही, हे कुंपणाबद्दल आहे. जिथे माणसाची मालमत्ता संपते आणि रान सुरू होतं ती रेघ. वर जुनाटनी जो कान सांगितला तो ज्या जागी पडलेला असतो ती जागा. उत्पत्तीतली आठवण आहेच, भुसा हा शब्द तिकडेच नेतो, पण नजर मेंढपाळाची आहे.

दुसरं म्हणजे होशेय २:१८, ज्याचा धाग्यात उल्लेखच नाही आला. तिथे देव रानातले पशू, आकाशातले पक्षी आणि जमिनीवर सरपटणारे यांच्याशी करार करतो, आपल्या लोकांसाठी. त्याच वाक्यात पुढे काय? धनुष्य, तलवार आणि लढाई देशातून मोडून टाकीन. त्याआधी सहा वचनं वर याच पशूंनी द्राक्षवेली आणि अंजिराची झाडं खाल्लीयेत, शेताचं नुकसान केलंय, म्हणजे तक्रार खरी आहे. पण हत्यार कुणाचं मोडलं? पशूंना धनुष्य नव्हतं. ते जनावरांविरुद्धचं हत्यार होतं असं मी म्हणत नाही, ती लढाई माणसांची माणसांशीच, पण दोन गोष्टी एका वाक्यात बांधल्यात, त्या सुट्या करून वाचता येत नाहीत. अक्षरशत्रू विरुद्ध पांथस्थ हे भांडण मला म्हणूनच खोटं वाटतं. माणसांत न्याय झाला तर रानाशी जमेल, ११व्या अध्यायातही क्रम तोच आहे, आधी गरिबाचा निवाडा मग लांडगा.

आणि तिसरं, ज्यासाठी खरं लिहायला बसले. लांडगा कोकराजवळ राहील, यातलं राहील. हिब्रूत क्रियापद आहे गार. नुसतं राहणं नाही ते. त्यातूनच गेर शब्द येतो, म्हणजे परक्या मुलखात आश्रयाने राहणारा, ज्याची स्वतःची जमीन नाही, जो यजमानाच्या मर्जीवर आहे. अब्राहाम मिसरात राहतो तेव्हा हेच क्रियापद. म्हणजे इथे लांडगा दयाळू होऊन कोकराला सोडून देत नाहीये. लांडगा आश्रित आहे. घर कोकराचं आहे.

अक्षरशत्रू

हे मी तीनदा वाचलं. माझं राष्ट्रांचं रूपक यात अजून घट्ट बसतं खरं तर, अश्शूर यरुशलेमेच्या दारात आश्रय मागतंय. पण त्यावर आत्ता वाद घालायची इच्छा नाही.

पांथस्थ७

लोंबीताई +१. मार्क १:१३ पण यात घाला, येशू चाळीस दिवस रानात होता आणि वनपशूंबरोबर होता, एवढंच अर्धं वाक्य. त्याने त्यांना काही केलं नाही, त्यांनी त्याला. मार्क पुढे काहीच सांगत नाही, हा माणूस कायम घाईत असतो.

डॉक्टर_बोका

घर कोकराचं असेल तर जेवण पण कोकराच्याच घरचं. भुसा. आता कळलं.

शेवंती

डॉक्टर, तुम्ही जिंकलात. मी आज मुलीला हेच सांगितलं, की लांडगा कोकराकडे पाहुणा म्हणून आलाय आणि पाहुण्याने यजमानाच्या घरात जे शिजतं तेच खायचं असतं, आणि सिंहही तसाच. दातांचं काय यावर मी म्हटलं ते मला माहीत नाही. तिला ते पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न लगेच आला. पाहुणा परत कधी जाणार?

गव्हाची_लोंबी

तिला सांगा, गेर परत जात नाही. लेवीय १९:३४, तुमच्यात राहणारा परका तुमच्यातच जन्मल्यासारखा समजा. त्यामुळे कोकराने जागा जरा मोठी बघून ठेवावी.